मदत हवी आहे: निफाडची थंडी, सात आठवड्यांचं बाळ आणि आजीची गोधडी

बाळंतपणाला माहेरी, निफाड तालुक्यात आले आहे. बाळ पूर्ण दिवसांचं, वजन छान वाढतंय. झोपतंही चांगलं. पण त्याला झोपवायचं कसं, यावरून घरात रोज दिवेलागणीला बोलाचाली होते.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं: दुपार असो की रात्र, बाळाला उताणंच झोपवा. गादी सपाट आणि टणक हवी. जवळ उशी, लोड, मऊ खेळणी नकोत, सैल पांघरूण नको. बाळ तुमच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर. झोपेतच बाळ अचानक दगावण्याचा धोका पहिल्या सहा महिन्यांत, त्यातही एक ते चार महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतो. आम्ही नेमके त्याच काळात आहोत.

आजीचं म्हणणं, "पालथं घाल, वायू सरतो, दचकत नाही." पालथं बाळ गाढ झोपतं हे खरंच आहे. पण डॉक्टरांची भीती तीच आहे. श्वास अडला तर बाळाला जाग यायला हवी, आणि तसं झोपलेलं बाळ सहज जागं होत नाही. शिवाय डोकं गोल व्हावं म्हणून आजीने तिच्या जुन्या नऊवारीची मोहरीची उशी शिवली आहे. हातात घेतली की मोहरी सळसळते. इतक्या मायेने शिवलेली वस्तू बाजूला ठेवताना मला फार वाईट वाटतं.

मागच्या मंगळवारी पहाटे तीनला जाग आली. मी झोपल्यावर कुणीतरी बाळावर गोधडी घातली होती. तिची कड सरकून थेट नाकावर आली होती. बाळाची मान घामाने ओली, जावळ कपाळाला चिकटलेलं. गोधडी ओढून काढली आणि उजाडेपर्यंत त्याच्या छातीकडे बघत बसले. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई आल्या, त्यांनीही "ऊब सांभाळा" म्हणून सांगितलं. आईने तेवढंच धरून ठेवलंय. तिचंही चूक नाही, इथे पहाटे भिंतीसुद्धा गार पडतात. गोधडी न घालता बाळ उबदार कसं ठेवायचं? आम्ही सगळे खालीच झोपतो, पाळणा नाही, झोळी आहे. आणि आजीचं मन न मोडता हे तिला कसं सांगू? अनुभवी मंडळींनी कृपया लिहा.

प्रतिसाद १
मी नवजात शिशू विभागात परिचारिका आहे. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, या वयात ते गारच असतात. मानेची मागची बाजू आणि छाती हाताने बघा. तिथे घाम असेल तर कपडे जास्त झालेत. तुम्ही जेवढे थर घालता त्यापेक्षा एक जास्त, बस. झोपेत टोपडं नको, ते नाकावर सरकतं. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका, तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइडला) वास नसतो. धुरीही नको.

खाली झोपत असाल तर तुमच्या गादीशेजारी चटई, तिच्यावर सतरंजी आणि घट्ट खोचलेली चादर घाला. नुकती पिंजलेली कापसाची गादी नको, तोंड रुतेल. झोळीत मान वाकून हनुवटी छातीला टेकते, म्हणून झोपेसाठी ती नको.

उताणं ठेवलं तर उलटी घशात अडकेल अशी भीती आजीला असेल. उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, दूध वर आलं तरी ते सहसा तिच्यात जात नाही. डोक्याच्या आकारासाठी बाळ जागं असताना, समोर बसून, थोडा वेळ पालथं घाला. हे काम आजीलाच द्या. उशी मात्र नकोच. डोक्याला आकार देणाऱ्या उश्यांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये पालकांना सावध केलं आहे.

प्रतिसाद २
मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला असते. १९९१ मध्ये इथे बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम झाली, आणि असे मृत्यू निम्म्याहूनही खूप खाली आले. तोवर इथल्या आज्याही पालथंच घालायच्या, हे तुमच्या आजीला जरूर सांगा. त्यांचं काही चुकलं नव्हतं, तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं.

पांघरुणाऐवजी इथे बाळाला बिनबाह्यांची पिशवी घालतात. आजीला तीच शिवायला सांगा. गळा डोक्यापेक्षा लहान, काखा बेताच्या, खाली पाय हलवायला ऐसपैस. जड अस्तर नको.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. पिशवीचं सांगितल्यावर आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने ट्रंकेतून दुसरी नऊवारी काढून बाळाला विती लावून मापत होती! काल रात्री गोधडी आली नाही. पण आजी दोनदा उठून मान चाचपून गेली.

एकच विचारायचं राहिलं. खांद्यावर नाडी बांधू की टिचबटण लावू?

प्रतिसाद १
टिचबटण, पक्कं शिवलेलं. नाडी, दोरा गळ्याजवळ काहीच नको. गळ्यात काळा दोरा असेल तर तोही झोपवताना काढा.