अकरावीला ऑनलाइन क्लास लावू का? सल्ला हवा

म्हादईकाठ:
नमस्कार. आम्ही गोव्यात वाळपईच्या पुढे, आत गावात राहतो. मुलगी यंदा अकरावी सायन्सला. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, आपल्याकडे बहुतेकांचं होतं तसंच. फिजिक्सची शिकवणी लावायची तर फोंडा गाठायला हवा, आणि रात्री परतायला बस कुठली? म्हणून ऑनलाइन बघतेय. एका कंपनीचा माणूस टॅबसकट दोन वर्षांचं पॅकेज गळ्यात मारायला टपलाय. पुतण्यासाठी असंच एक घेतलं होतं. गणेश चवथीच्या सुट्टीत बंद झालं ते त्याने परत उघडलंच नाही. घेताना नेमकं काय बघायचं?

तिठ्यावरचा:
पैसे भरा हो. फुकटच्या गोष्टीला किंमत नसते. पैसे भरले की पोरं बसतात अभ्यासाला.

डिचोलीचा मास्तर:
नाही बसत. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सचा हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्यांपैकी शेवटपर्यंत पोचले ते शेकडा ३ च्या आसपास. प्रमाणपत्रासाठी पैसे मोजलेल्यांतलेही निम्म्याहून जास्त गळले. आणि हे सगळे स्वतःहून आलेले!

ताई, मी एकच बघतो: व्हिडिओ संपल्यावर मूल काय करतं. बघताना सगळं कळलंसं वाटतं, वही उघडली की बोंब. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. म्हणून व्हिडिओ झाला की लॅपटॉप मिटायचा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग दोन गणितं. हे होणार नसेल तर कुठलंही पॅकेज घ्या, पुतण्याचंच होईल.

आधी फुकटचं वापरून बघा. 'स्वयम'वर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, एनसीईआरटीचे अकरावी-बारावीचे कोर्स आहेत. महिनाभर टिकली तर पुढचं बोलू.

रानमेवा:
रेंजचं कोणीच विचारलं नाही! २०२० मध्ये सत्तरीत पोरं फोन घेऊन डोंगरावर चढायची ते विसरलात? पावसात लाईट गेली की लाइव्ह क्लास बुडालाच समजा. डाउनलोड करून बघता येईल असंच घ्या. शंका विचारायची सोय आहे का, आणि उत्तर माणूस देतो की आपोआप येतं, हेही त्या विक्रेत्याला विचारा. माझ्याकडे आला होता तो या प्रश्नावर चहा न घेताच उठला.

पेडण्याची आई:
भाषेचंही बघा. माझा मुलगा 'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी' दोन्हीला वेगच म्हणायचा, कारण घरात आपण दोन्हीला वेगच म्हणतो. मराठी पुस्तकात स्पीड म्हणजे चाल, व्हेलॉसिटी म्हणजे वेग. वेगाला दिशा असते, चालीला नसते. एवढं कळल्यावर पहिला धडा सुटला. व्हिडिओतलं इंग्रजी भरभर जातं, मूल मान डोलावत राहतं आणि आपल्याला वाटतं शिकतंय.

म्हादईकाठ:
पण मास्तर, मला फिजिक्स येत नाही. तिने कागदावर बरोबर लिहिलंय की चूक, मी कसं ठरवू?

डिचोलीचा मास्तर:
ठरवू नका. जेवताना 'आज काय शिकलीस ते मला मराठीत सांग' एवढंच म्हणा. जिथे अडखळेल तिथे तिचं तिलाच कळतं. तेवढं वहीत मांडून दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या सरांना विचारायचं. सर असताना त्यांना न विचारता अ‍ॅपला विचारणं मला अजून पटत नाही, जुना माणूस म्हणा हवं तर.

म्हादईकाठ:
तीन आठवडे झाले. पॅकेज घेतलं नाही. रोज होत नाही, आठवड्यातून चार दिवस होतं. एक दिवस लाईटच नव्हती. काल बघते तर व्हिडिओ दीडपट करून बघत होती. म्हटलं, एवढ्या वेगाने काय कळणार? तर म्हणते, "आई, वेग नाही, चाल. त्याला दिशा कुठाय?"