नौदल भरती: पळणं जमतंय, पोहणं नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाविक म्हणून नौदलात भरती व्हायचं ठरवलंय, हातात साधारण आठ महिने आहेत. पळण्याचं फारसं टेन्शन नाही. सुरुवातीला उत्साहात अंतर एकदम वाढवलं आणि दोन्ही नडग्या धरल्या, तेव्हापासून दर आठवड्याला थोडंथोडंच वाढवतो.

खरी अडचण पाण्याची. सरळ पोहता येतं, पण खोल पाण्यात एका जागी उभ्यानं तरंगायचं म्हटलं की मिनिटभरात दम लागतो. पाय सायकलसारखे मारायचे की बेडकासारखे? कपड्यांसकट सराव करावा का? (अर्थात कुणीतरी काठावर असतानाच.)

डोळ्यांचंही विचारायचंय. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजवीकडे हिरवा. रात्री त्यावरूनच समोरचं जहाज कुठे वळतंय ते कळतं, म्हणून रंगदृष्टी कडक तपासतात हे समजतं. पण ठिपक्यांमधले आकडे वाचताना मी एकदोनदा अडखळलो. भरतीआधी स्वतःहून नेत्रतज्ज्ञाकडे जावं ना?

आणि पुढचं: इंजिन विभाग घेतला तर नोकरी सोडल्यावर बाहेरही काम मिळेल असं वाटतं, मन मात्र डेकवरच्या कामात आहे. आधी नाविक होऊन मग अधिकारी होण्याचा प्रयत्न करावा, की थांबून पदवी घेऊन थेट अधिकारी म्हणूनच अर्ज करावा? घरी दोन मतं आहेत, दोन्ही जोरात.

सेवेत असलेल्या किंवा निवृत्त झालेल्यांनी कृपया स्पष्ट सांगा. बोट लागण्यावरचे उपायही चालतील.