अनुभव लिहा : परत आलेली मैत्रीण, दुरावलेली आई ('ला इस्तोरिया ओफिसिआल' पाहून)

लुईस पुएन्सो यांचा १९८५चा हा अर्जेंटिनाचा सिनेमा गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

१९७६च्या मार्चपासून १९८३च्या डिसेंबरपर्यंत तिथे लष्कराचं राज्य होतं. मानवी हक्कवाल्या संघटना सांगतात, ३०,००० माणसं बेपत्ता झाली. कोठडीत बाळंत झालेल्या बायकांची मुलं काढून घेतली आणि लष्कराच्या मर्जीतल्या घरांत देऊन टाकली. अशी सुमारे ५०० मुलं. सिनेमातली आलिसिया शाळेत इतिहास शिकवते. पाच वर्षांची गाबी तिची दत्तक लेक. नवऱ्याने मूल कुठून आणलं, हे तिने कधी विचारलेलं नाही. मग सात वर्षं परागंदा राहिलेली मैत्रीण आना घरी येते. दोघी पीत, जुन्या आठवणी काढून हसत असतात, आणि हसता हसताच आना आपल्या छळाचं सांगायला लागते. ऐकून आलिसिया विचारते, तक्रार नाही केलीस? तिथे मी सिनेमा थांबवला. माझ्याही तोंडून हाच प्रश्न आला असता.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी लिहाच. ज्यांच्या घरात राजकारणापायी कुणाला मुलांपासून तुटावं लागलं, त्यांनीही लिहा, सिनेमा पाहिला नसला तरी.

नाशिकहून

आमची लेक दत्तक आहे. संस्थेतून, कोर्टाच्या हुकुमाने, सगळं रीतसर. तरी आलिसिया गाबीचे तान्हेपणीचे कपडे काढून बसते तेव्हा माझे हातपाय गार पडले. आमच्याकडेही बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात एक पिवळं झबलं आणि मनगटाचा काळा दोरा. झबल्याचा एक बंद तुटलाय. मी सगळ्या घराचं शिवणकाम करते, पण तो बंद आजवर शिवला नाही. शेवटची गाठ कुणी बांधली असेल, संस्थेतल्या मावशींनी की तिच्या आईने, हे माहीत नसताना त्याला हात लावावासा वाटत नाही.

लेक आता सतरा वर्षांची आहे. सिनेमा दोघींनी मिळून पाहिला. वाढदिवसाला आलेली मुलं खेळण्यातल्या बंदुका घेऊन खोलीत घुसतात आणि गाबी किंचाळते, तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. संपल्यावर म्हणाली, "आई, तू कधी विचारलंस का गं संस्थेत?" म्हटलं, "नाही. भीती वाटली." दुसऱ्या दिवशी जुनी कागदपत्रं शोधायला आम्ही दोघी माळ्यावर चढलो.

कोल्हापूरहून

सिनेमा आवडला, पण एक तक्रार आहे. गाबी आपलीच नात असावी असं वाटणारी आजी सारा फार थोडी दिसते. कॅफेत ती चार फोटो मांडते, आमच्याकडे एवढंच उरलंय म्हणते. मला तिच्याबरोबर तिच्या घरी जायचं होतं. कॅमेरा मात्र आलिसियाबरोबर निघून जातो. हिरावलेली नातवंडं शोधणाऱ्या खऱ्या आज्यांनी तर केवढं काम केलंय! आईबाप हयात नसताना आजी-आजोबांच्या रक्तावरून नातवंड ओळखायची पद्धत त्यांनी मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंच्या मदतीने उभी करून घेतली. त्यांच्यातल्याच एक, एस्तेला दे कार्लोत्तो, यांना आपला नातू सापडला तो २०१४ साली, छत्तीस वर्षांचा होऊन.

धागाकर्ती

साराबद्दल अगदी खरं. पण आलिसिया झालेल्या नोर्मा आलेआंद्रो, नवऱ्याच्या भूमिकेतले एक्तोर आल्तेरिओ, पटकथेच्या सहलेखिका आयदा बोर्त्निक, हे तिघंही स्वतः देश सोडून गेलेले होते. जिला घर सोडावं लागलं, तिने घरात राहून डोळे मिटून घेतलेल्या बाईची भूमिका केली, आणि तिच्याबद्दल तिरस्कार न ठेवता केली. १९८५ला कान चित्रपट महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना विभागून मिळाला. पुढच्या वर्षी सिनेमाला मिळालेला ऑस्करही सगळ्यांना आठवतो, मला मात्र ही माया जास्त मोठी वाटते.

ठाण्याहून

सिनेमा पाहिलेला नाही. आनाबद्दल वाचून लिहितोय.

आणीबाणीत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते तुरुंगात होत्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी आई साधी कार्यकर्ती. १९७५च्या डिसेंबरात सत्याग्रहात पकडली, मग मिसा (खटल्याविना डांबून ठेवायचा कायदा), मग येरवडा. मी अडीच वर्षांचा होतो, आत्याकडे दादरला राहिलो. देशोधडीला लागणं वेगळं, हे कळतं मला. आई दीडशे किलोमीटरवरच होती.

१९७७मध्ये निवडणुका जाहीर झाल्यावर ती सुटली. दारात उभी राहून तिने हात पुढे केले, तर मी आत्याच्या पदराआड जाऊन विचारलं, "या कोण?" आई म्हणाली, "मी तुझ्या आत्याची मैत्रीण." आठ दिवस ती मैत्रीण म्हणूनच राहिली. मला भात कालवून द्यायची आणि मी तिच्याकडे बघायच्या आत उठून आत जायची. नवव्या दिवशी मी वाटी घेऊन तिच्यामागे गेलो म्हणे.

मिसाच्या गोष्टी आमच्या घरी रंगवून सांगितल्या जात, जेलमधली भाषणं, गाणी, वडीलधाऱ्यांच्या आठवणी. ही गोष्ट आईने मला तिची सत्तरी उलटल्यावर सांगितली. तोवर कुणी तिला विचारलंच नव्हतं. मीही नाही.

ब्युनोस आयर्सला राहून आलेली

कंपनीच्या कामाने दोन वर्षं तिथे होते. गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लासा दे मायो चौकात बेपत्ता मुलांच्या आयांची फेरी असते. १९७७च्या ३० एप्रिलला चौदाजणी पहिल्यांदा जमल्या. पोलिसांनी घोळका करून उभं राहू दिलं नाही, चालत्या व्हा म्हणाले, म्हणून त्या जोडीजोडीने चालू लागल्या. डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल म्हणजे सुरुवातीला बाळाचा कापडी लंगोटच होता. तिथे फरशीवर ते रुमाल रंगवलेत. आपण दारातली रांगोळी चुकवतो तशी मी ते चुकवत चालत होते.

एका आजींनी आधाराला माझा दंड धरला. मुलंबाळं? विचारलं. म्हटलं, एक मुलगा आहे, सांगलीला आजीकडे. फेरी संपेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.

रात्री घरी फोन लावला तेव्हा सांगलीत पहाट होती. आईने घाबरून उचलला. म्हटलं, काही नाही गं झालेलं. त्याला उठवू नकोस, नुसता फोन त्याच्या उशाशी ठेव.