ऑपरेशननंतर च्युइंगम: थट्टा नव्हे

ताई, बांबोळीच्या इस्पितळात तुमच्या सासऱ्यांना आतड्याच्या ऑपरेशननंतर च्युइंगम चघळायला सांगितलं, ती थट्टा नव्हे हो. चघळलं की पोटाला वाटतं जेवण येतंय. मेंदूतून पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमार्फत निरोप जातो, पाचक रस सुटतात, सुस्तावलेली आतडी हलू लागतात. २०१५च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) ८१ चाचण्या पाहिल्या. वारा सरायला सरासरी सुमारे १० तास कमी लागले. अर्थात बऱ्याच चाचण्या कच्च्या होत्या, आणि जिथे लवकर पेज सुरू करतात तिथे फायदा बेताचाच. तरी स्वस्तातला उपाय आहे, डॉक्टर म्हणत असतील तर द्या. गुंगीत असताना मात्र मुळीच नको. आणि कवळी असेल तर आधी काढा. आमच्या म्हापशाच्या मावशीची गमला चिकटून बाहेर आली होती, टाके धरून तीच हसत होती!