मदत हवी आहे : नववीला ‘जागतिक विकास’ कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी. मी परळच्या एका मराठी शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. यंदा नववीला जागतिक विकास आणि सामाजिक बदल यावर प्रकल्प द्यायचाय. मानव विकास निर्देशांक १९९० साली आला, तो उत्पन्नासोबत आयुर्मान आणि शिक्षणही मोजतो. संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं २०३० पर्यंत गाठायची आहेत. हे सगळं मुलं घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

म्हणून सुरुवात गिरणगावापासून करावी म्हणते. १९८२चा गिरणी कामगारांचा संप, बंद पडलेल्या कापडगिरण्या, त्याच जमिनीवर आजचे मॉल आणि टॉवर. मग टी-शर्टचं लेबल बघायचं : बांगलादेश, व्हिएतनाम. ते काम तिथे का गेलं, कुणाला मिळालं, किती मजुरीवर? (गिरण्या फक्त संपानेच बुडाल्या, हे मात्र मला शिकवायचं नाही. जमिनीच्या भावाबद्दलही बोलायलाच हवं.)

वर्गात प्रोजेक्टर नाही. गिरणीत काम केलेल्या आजी-आजोबांच्या मुलाखतींसाठी कुणी प्रश्नावली केलीय का? देशांची तुलना करणारे सोपे मराठी तक्ते कुठे मिळतील? आणि ‘गरीब देशातली माणसं आळशीच असतात’ असं एखादा पोरगा ठणकावून म्हणालाच, तर तुम्ही वर्गात काय करता?