मदत हवी आहे: कोकणातल्या घराचा स्लॅब गळू नये आणि तापूही नये, यासाठी निसर्गाला धरून काय वापरावं?

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यात गावच्या जागेवर आईसाठी घर बांधतोय. जांभ्या चिऱ्याचं, बैठं, ८५० चौरस फूट. भिंती लिंटलपर्यंत आल्यात, जानेवारीत स्लॅब पडेल. वर काय घालायचं ते आत्ताच ठरवायला हवं, कारण उतार किती ठेवायचा आणि बीमवर वजन किती येणार, हे ठेकेदार रोज विचारतोय.

आधीचा अनुभव फार वाईट आहे. जुन्या कौलारू घराला जोडून २०१२ साली स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या आणि वर वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचे दोन हात मारून घेतले. तिसऱ्या पावसाळ्यात थर सुटला. त्याचे पांढरे पापुद्रे अजून माडाच्या आळ्यात सापडतात. बोटांत धरून ओढले की रबरासारखे ताणतात. इतक्या वर्षांत कुजलेले नाहीत. आळ्यापासून दहा पावलांवर आमची प्यायच्या पाण्याची विहीर आहे. ते पाहिल्यापासून पुन्हा असलं काही छपरावर घालायला मन घेत नाही.

उन्हाचं तर विचारू नका. एप्रिलमध्ये रात्री दहालाही छताला हात लावला तर कोमट लागतं. आई उशी काखेत मारून जुन्या घराच्या ओटीवर झोपायला जाते. मधल्या तीन पायऱ्या तिला आता अंधारात झेपत नाहीत.

आतापर्यंत जे कळलं ते असं. ठेकेदार म्हणतो विटांच्या तुकड्यांचा कोबा घाला, वर चायना मोझॅक, म्हणजे चकचकीत फरशीचे तुकडे. उन्हाला बरं, पण साडेचार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जातं, आणि सिमेंटही बरंच लागतं. डांबरी शीट गॅसने तापवून चिकटवतात. पाणी अडतं, पण काळी असल्याने उलट तापते. थर्माकोल किंवा फोमचे तक्ते हलके आणि गुणाचे आहेत, पण घर पाडायची वेळ आली की त्यांचं करायचं काय? काथ्याच्या गाद्यांचाही विचार केला. आमच्याकडे वाळवी दाराची चौकटसुद्धा सोडत नाही, म्हणून तो बाजूला ठेवला.

मनात भरलाय तो चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटांची पूड) कोबा. चुन्याची भट्टी साधारण ९०० अंशांवर चालते, सिमेंटची १४५० च्या घरात, म्हणजे जळण कमी. शिवाय चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा परत ओढून घेतो. पण रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. एवढ्या माऱ्याखाली उघडा चुना टिकेल का? आणि पश्चिमेच्या भिंतीला काय करू? चिरा सच्छिद्र, झड लागली की आतून पोपडे धरतात. आजोबा मे महिन्यातच त्या बाजूला माडाची झापं बांधायचे.

जाणकारांनी कृपया सांगावं. ज्यांनी स्वतः करून तीन-चार पावसाळे काढलेत त्यांचं मत विशेष हवं आहे.

प्रतिसाद १

दादा, उघड्या गच्चीवर चुन्याचा कोबा आपल्याकडे नको. तो मुरायला, वाळायला वेळ घेतो, धुम्मस (ठोकून दाबणं) भरपूर लागतं, आणि ते करणारे गवंडी आता मिळणं मुश्कील. स्लॅबला उतार देऊन वर कौलारू छप्पर घ्या. स्लॅब आणि कौलांमध्ये दोन-तीन फूट पोकळी, दोन्ही टोकांना जाळी. तापलेली हवा वाहून जाते, स्लॅबवर थेट ऊन पडतच नाही. माझ्याकडे पाच पावसाळे झाले. माकडं कौलं फोडतात हे खरं आहे, म्हणूनच सगळे पत्रा घालतात. पण खाली स्लॅब असेल तर एक कौल फुटल्याने घर गळत नाही, सवडीने बदलता येतं. वाशांऐवजी लोखंडी पाइप घ्या, वाळवीचा प्रश्न मिटला.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. पश्चिमेला छप्पर तीन-चार फूट पुढे काढा, जमलं तर पडवीच घ्या. भिंतीला पाणी लागलंच नाही तर रसायन कशाला? बाहेरून चुन्याचा गिलावा चालेल, तो ओल कोंडून ठेवत नाही. सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग, हे मात्र चिऱ्यावर टाळा. आणि स्लॅब भरताना काँक्रीट नीट दाबून घ्या, किमान १० दिवस वाफे करून पाणी भरून ठेवा. कुठे पाझरतंय ते छपराआधीच कळेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पोकळीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जुन्या घराची मागची बाजू उतरवली तेव्हाची मंगलोरी कौलं गोठ्यात रचून ठेवली होती. रविवारी आई आणि मी एकेक घेऊन टिचकी मारून पाहिली: टणटणीत वाजलं ते डाव्या हाताला, बद्द वाजलं ते उजव्या. १४०० पैकी ११३० चांगली निघाली. १०० चौरस फुटाला साधारण १३० ते १५० लागतात. पुढे काढलेलं छप्पर आणि पडवी धरून क्षेत्र १२०० च्या आसपास जातंय, म्हणजे अजून पाचशे-सहाशे हवीत. नवी भाजून घेण्यापेक्षा जुनीच मिळाली तर बरं. देवरूख-साखरपा बाजूला कुणी कौलारू घर उतरवत असेल तर कृपया इथे कळवा. टेम्पो मी घेऊन येईन.