धडगावकडच्या शाळेत गणित-विज्ञानाचे सर टिकतच नाहीत, काय करावं?

तापीकाठ_शहादा:
नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेची नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात माध्यमिक शाळा आहे. जळगाव-धुळ्याकडचा बीएस्सी बीएड उमेदवार येतो, दिवाळीपर्यंत राहतो आणि मग शहरातल्या क्लासमध्ये निघून जातो. आता भाषेचे सर दहावीला बीजगणित शिकवू राहिले. पोरं हुशार आहेत हो, त्यांचं नुकसान बघवत नाही. पगार वाढवणं आमच्या हातात नाही, मग दुसरं काय करता येईल?

सातपुड्यातला_मास्तर:
भाऊ, तुनं खरं शे. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला, म्हणजे ठरावीक मानधनावर नव्याने लागलेल्या शिक्षकाला, आधी महिन्याला ८ हजार होते, २०२३ पासून १८ हजार झाले, पण तीन वर्षं तेवढ्यावरच काढायची म्हणजे घर लांब असणाऱ्याला जडच जातं. तरी मी इकडे जे पाहिलं त्यात पोरगा पगारापेक्षा एकटेपणाने जास्त जातो. राहायला धड खोली नाही, पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की तळोद्याचा रस्ता बंद, आणि वर्गात पोरं गप्प बसतात कारण घरी पावरी नाहीतर भिली बोलतात आणि सर पुस्तकी मराठीत "अपवर्तन" सांगू राहिले, मग नव्या माणसाला वाटतं यांना काही येतच नाही. आधी लाईट-पाण्याची खोली बघून ठेवा. आणि पहिलं वर्षभर एक जुना शिक्षक जोडीला द्या, जो वर्गात मागे बसेल, पोरं कुठे अडली ते संध्याकाळी सांगेल. तपासणीसाठी नाही, सोबतीसाठी.

बीएस्सीवाली_ताई:
मास्तरांशी सहमत. अजून एक, लॅबचं कपाट उघडं ठेवा. डेडस्टॉक रजिस्टरच्या, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीच्या धाकाने कुलूप असतं, नळी फुटली तर भरून द्यावी लागेल म्हणून कोणी प्रयोगच करत नाही, मग विज्ञान शिकवण्यात राम कुठून राहणार?
मी शेकडेवारी आमचूरवर शिकवली. एप्रिलात इकडे घरोघरी कैरीच्या फोडी वाळत असतात, आम्ही ओल्या फोडी तोलल्या, वाळल्यावर परत तोलल्या, घट किती टक्के ते पोरांनीच काढलं. मग एका मुलीने विचारलं की व्यापारी वाळल्या मालाचा जो भाव देतो तो ओल्या कैरीला किती पडला, आणि स्वतःच फळ्यावर जाऊन सोडवलं. असं काही बीएडला कुणी करून घेत नाही. बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, त्यात शाळेतली इंटर्नशिप मोठी आहे, पण सगळे घराजवळची शाळा मागतात. तुम्ही कॉलेजला पत्र द्या, दोघं-दोघं पाठवा म्हणा, राहायची सोय तुमची.

रावेरकर:
अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनची नॉइस शिष्यवृत्ती आहे, २००२ पासून. गणित-विज्ञान शिकून शिक्षक होणाऱ्याला पैसे देतात, आणि जितकी वर्षं घेतले त्याच्या दुप्पट वर्षं गरजेच्या भागात शिकवायचं, नाहीतर ते कर्ज म्हणून फेडायचं. पण नुसत्या बाँडने माणूस बाँड संपेपर्यंतच थांबतो. त्यापेक्षा अक्कलकुवा-धडगावचीच बारावी सायन्स झालेली पोरं धरा, त्यांच्या बीएस्सीची फी संस्थेने भरावी. त्यांना पावरी येते, घर तिथेच आहे, ते कशाला पळतील?

तापीकाठ_शहादा:
सगळ्यांचे आभार. खोलीचा विषय सोमवारच्या मीटिंगला घेतो, आणि आमच्याच दोन माजी विद्यार्थिनी बीएस्सीला आहेत त्यांच्या घरी जाऊन बोलतो. ताई, तोलायला काय वापरलं? आमच्या लॅबचा तराजू बंद आहे.

बीएस्सीवाली_ताई:
किराणा दुकानातला काटा. दुकानदाराचा मुलगा आठवीत होता, तोच घेऊन आला.